उणे एक म्हणजे वाट बघत राहा

“काल वरच्या गल्लीला पाणी सोडलं बगा. चांगलं दोन तास सोडलं. आन् फोनमधला काटा जागचा हलला न्हाई. टाकी भरलेली ती भरलेलीच.”

तुझ्या ओसरीवर बसून शरणप्पा सांगत होता. तुझा तिसरा दिवस. समाधीवर दूध घालून माणसं नुकतीच परतली होती, पायांवर पाणी घेऊन भिंतीला टेकली होती. तू ज्या गावांच्या पाण्याच्या टाक्या बघायचास, त्यांतल्या एका गावात नळाला पाणी सोडायचं काम शरणप्पाकडं आहे. त्याच्या फोनवर टाकीचा काटा दिसतो तो तुझ्या कॉम्प्युटरवरून जातो. “अण्णा गेल्यापासनं असंच चाललंय,” तो म्हणाला. “मोटार लावायचीबी गरज पडली न्हाई मला.”

कुणीतरी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, “त्या टाक्यांतच जीव हुता त्याचा. पुण्यवान माणूस.” थोरले अप्पा, तुझे वडील आणि माझ्या पप्पांचे थोरले भाऊ, मातीहून आल्यापासून मान खाली घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. हसले नाहीत, पण पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडला.

मी आत सोयऱ्यांनी आणलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधत होते. माझे हात थांबले. विरेशअण्णा, तू गेल्यापासून मी रडतच होते. त्या क्षणी रडू थांबलं आणि इतका राग आला की फडक्याची गाठ मारता येईना.

कारण काटा का हलत नाही ते मला माहीत होतं. पाणी किती आहे ते कळवणारा त्या टाकीवरचा डबा बंद पडला होता. टाकी रिकामी होत होती आणि आपला प्रोग्राम, डब्याकडून ऐकलेलं शेवटचं वाक्य धरून, ती भरलेली आहे असं सांगत बसला होता. टाकी भरायची मोटार लागली नव्हती. उद्या सकाळी त्या गावात खालच्या गल्लीची पाळी होती, आणि खालच्या गल्लीला नळाशिवाय दुसरं पाणी नाही.

जमलेल्या माणसांत हे मला एकटीलाच कळलं होतं. आणि मी कशी आहे ते तुला ठाऊक आहे. बसमध्ये कंडक्टरला ‘इथं थांबवा’ म्हणायला जमत नाही म्हणून मी पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत येते.

हे मराठीत लिहितेय, कारण तुझ्याशी इंग्रजीत भांडता येत नाही. शाळेनं मला इंग्रजी दिली आणि जेमतेम कन्नड. मराठी घरात ऐकली, अक्षरं आईनं गिरवून घेतली, बाकीची तुझ्या दुकानात येणाऱ्या पेपरांतून वाचत वाचत आली. तू सातवीपर्यंत मराठीत, पुढं कन्नडमध्ये आणि डिप्लोमा इंग्रजीत केलास. “तिन्ही भाषांत नापास व्हायचा अनुभव हाय मला,” असं अभिमानानं सांगायचास. तेव्हा माझ्या चुका काढायच्या असतील तर काढ. पण ऐक. सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलतायत, त्यांना बोलू दे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि उरलेलं अर्धं मला एकटीला भांडावं लागतंय, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

कलबुर्गीहून इंजिनिअरिंग करून मी भालकीला घरी आले, ते दिवस तू बघितलेस. बेंगळुरूच्या कंपन्या आठ-दहा पोरांना गोल करून बसवायच्या आणि बोला म्हणायच्या. माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. पप्पा लोकांना सांगायचे, पोरीची तब्येत बरी नव्हती. एक दिवस तू आलास, चहा प्यायलास, कप खाली ठेवता ठेवता, शाळेवरून ठेवलेल्या नावानं मला हाक मारून म्हणालास, “कॉन्वेंट, माझ्या दुकानात येत जा. तिथं बोलायचं काम न्हाई.”

एवढंच. काय झालं, कसं झालं, एक प्रश्न नाही. त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे, आणि जन्मभर म्हणताना माझाच जन्म उरलाय हे लक्षात येऊन पुन्हा चिडते.

खटकचिंचोळीतलं तुझं दुकान म्हणजे तुमच्या घराचीच पुढची खोली. एका बाजूला पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी, तांब्याच्या तारांची रिळं, वार्निशचा वास. दुसऱ्या बाजूला टेबल, कॉम्प्युटर आणि तीन फोन. हैदराबादला मीटरच्या कंपनीत राबून तू जे शिकलास, ते इथं टाक्यांवर लावलंस. टाकीत तरंगणारा गोळा, वर छोटा डबा, त्यात सिमकार्ड, वर सोलरची पाटी. टाकी वीतभर चढली किंवा उतरली की डबा तुझ्या कॉम्प्युटरला सांगणार. मी आले तेव्हा तुझा प्रोग्राम रोज अडकायचा आणि तू रोज त्याला शिव्या देत बंद-चालू करायचास.

का अडकतो ते तू मला वेगळ्याच पद्धतीनं दाखवलंस. एक फोन माझ्या हातात दिलास. “कानाला लाव. पलीकडचं माणूस बोलंपर्यंत खाली ठेवायचा न्हाई.” मी लावला. पलीकडं कुणीच बोलेना. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. मी तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस. मग माझा स्वतःचा फोन वाजला, आईचा.

“अण्णा, आई करायलीय फोन.”

“ह्या फोनवर कोण बोलायलंय का?”

“न्हाई.”

“मग धर अजून.”

मी वेड्यासारखी मुका फोन कानाला धरून उभी. शेवटी त्यातूनच वैनीचा आवाज आला. तिला तू घरात फोन लावून ‘बोलू नको’ म्हणून बसवलं होतंस. “सोडा की तिला, माजी भाजी करपायलीय.” तू हसून हसून तारांच्या रिळांवर बसलास. म्हणालास, “आपला प्रोग्राम असाच करतोय. एका टाकीला विचारतोय आन् तिनं उत्तर देईपर्यंत तिच्याच दारात उभा ऱ्हातोय. बाकीच्या बोंबलू दे.”

मग मी तो पुन्हा लिहिला. आठवडाभर आपण दोघं त्याला चिकटून होतो. एकेका दारात जाऊन उभं राहायचं नाही. सगळ्या टाक्यांच्या ओळी, म्हणजे त्यांच्या डब्यांकडून येणाऱ्या लाइनी, एकत्र सिस्टिमच्या हवाली करायच्या आणि म्हणायचं, मी झोपतो, यांतली कुठलीही बोलली तर मला उठव. उठवलं की कोण बोललं ते बघायचं, ऐकून घ्यायचं, पुन्हा झोपायचं. ज्या हाकेनं हे होतं तिचं नाव पोल. ती हाक मारताना तीन गोष्टी द्याव्या लागतात: ओळींची यादी, त्या किती आहेत, आणि कुणीच बोललं नाही तर किती वेळ झोपायचं. तिथं शून्य लिहिलं तर नुसतं डोकावून लगेच परत यायचं. पाच हजार लिहिलं तर पाच सेकंदांनी उठायचं, कारण हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागात असतो. आणि उणे एक लिहिलं तर कुणी बोलेपर्यंत उठायचंच नाही, मग जन्म गेला तरी चालेल.

ती तिसरी जागा मी तुझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मान म्हणून. तू दोन बोटांनी उणे एक टाइप केलंस.

तेव्हा मलाही ते आवडलं. “उगं उठून बघायचं कामून? झालं का, झालं का, म्हणत फिरणाऱ्या माणसावानी?” तू म्हणालास. डब्याची बॅटरी लहान, सिमचा डेटा थोडा. “बोलण्यासारखं असलं तवाच बोलावं. तुला तरी हे सांगाय लागू नये.” खरंच लागत नव्हतं. दुपारी तू मोटारीची तार गुंडाळत बसायचास, मी स्क्रीनपुढं. तास तास आपण बोलायचो नाही. मधेच कुठल्या तरी गावची टाकी वीतभर चढायची, एक आकडा बदलायचा, तू न बघता विचारायचास, “कोण?” मी गावाचं नाव सांगायची. कुठल्याही माणसाजवळ मी इतकी निवांत बसलेली नाही. पप्पांजवळही नाही.

म्हणूनच राग जास्त आहे. परक्याशी मी भांडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका गावातल्या टाकीवरची बॅटरी चोरीला गेली. डबा बोलता बोलता गेला. टाकी तेव्हा पाऊण भरलेली होती, म्हणून स्क्रीनवर पाऊणच राहिली. आज पाऊण, उद्या पाऊण. तिथला पाणी सोडणारा फोनमध्ये बघून निर्धास्त. टाकीचा तळ लागला, नळ आटले, तरी तो बायकांना फोन दाखवून म्हणत होता, पाणी हाय की. बायका घागरी घेऊन एका मळ्यातल्या विहिरीवर गेल्या आणि तिच्या पायऱ्यांवर एक म्हातारी पडली. तिचा खुबा मोडला. तू तिला बघायला गेलास, संध्याकाळी आलास, गाडी लावलीस, मला म्हणालास, “पडली.” पुढं काही नाही. खुब्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं.

मला वाटलं, आता तू ऐकशील.

“अण्णा, डबा नीट बंद केला तर जाताना सांगून जातोय. ओळ तुटल्याचं पोलला कळतंय. पर बॅटरीच काढून नेली तर त्यो काय सांगणार? काहीच आलं न्हाई, तर प्रोग्राम उठणार कशानं? गप्प बसलेला डबा आन् मेलेला डबा, आपल्याला दोन्ही सारखेच दिसायलेत.”

“मग चोराला सांग, जाताना सांगून जा म्हणून.”

“टाइमआउट टाकू. मधी मधी उठायचं आन् बघायचं कोण किती वेळ गप्प हाय. दिवसभरात एकदाबी बोलली न्हाई अशी टाकी असती का? पाणी सोडलं की उतरतीच. तिचा काटा दाखवायचाच न्हाई. तिथं लिहायचं, माहीत न्हाई.”

तू खुर्ची मागं ढकललीस. “पंचायतीच्या माणसाला मी ‘माहीत न्हाई’ दाखवू? त्यो म्हणंल, ते तर आमालाबी माहीत न्हाई, मग तुमी कशाला?”

“खोटं दाखवण्यापरीस बरं.”

“खोटं कामून? टाकी तेवढीच हुती की.”

“हुती. आता न्हाई.”

“लई वकील व्हायलीस तू.” आणि तू उठून बाहेर गेलास.

नंतर काय केलंस? सगळ्या टाक्यांवर बॅटरीला लोखंडी पिंजरे बसवलेस आणि कुलपं लावलीस. उन्हातान्हात स्वतः चढून, एकेका टाकीवर. एक आकडा बदलण्यापेक्षा तुला इतकं लोखंड सोपं वाटलं. मी तो बदल लिहून ठेवला होता, थोड्याच ओळी होत्या. तुला दाखवला, तू ‘बघू’ म्हणालास. दिवाळीनंतर पुन्हा दाखवला, पुन्हा ‘बघू’. परवा, म्हणजे तू जायच्या पंधरवडाभर आधी, मी म्हटलं, उन्हाळा आलाय, आता तरी टाकू. तू सरळ म्हणालास, “माझ्या दुकानात माझा उणे एक ऱ्हाईल.” मी पिशवी उचलली आणि भालकीची बस धरली. तू थांबवलं नाहीस.

मग तू गप्प. ना फोन, ना निरोप. मीही गप्प. मला वाटलं तू रुसलायस. रुसलायस म्हणजे ठीकच आहेस. तुझ्या गप्प बसण्याची मला इतकी सवय होती की त्यात वेगळं काही असेल असं मनात आलं नाही. येणार कुठून? तुझी गप्प बसायची पद्धत एकच होती. बरं असताना तीच, राग आल्यावर तीच. छातीत दुखत असतानाही तीच.

हे छातीचं मला वैनीनं सांगितलं, तुला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो होतो. ती तुझे शर्ट घड्या करून ठेवत होती, पुन्हा मोडत होती, पुन्हा घड्या करत होती. म्हणाली, “बीदरला जाऊन दाखवून आलते ते. डॉक्टरनं सांगितलं, सोलापूरला जावा, लगीच काळजाची नळी तपासून घ्या. मला म्हणले पित्त हाय. रोज सोडा प्यायचे. मी लईच मागं लागले तवा कुठं खरं सांगितले.”

“वैनी, मला का न्हाई सांगितलं?”

“सांगू म्हणलं मी. ते म्हणले, कॉन्वेंटला सांगू नको. ती लगीच टाइमआउट लावंल.”

शर्ट मांडीवर ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. “टाइमआउट म्हणजे काय गं?”

मला सांगता आलं नाही, अण्णा. ती वाट बघत होती आणि मला तुझ्या बायकोला सांगता आलं नाही.

म्हणजे तुला पटलं होतं. हेच मला सहन होत नाही. तुला कळलं नसतं तर मी रडून मोकळी झाले असते. बिचारा अण्णा, त्याला कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण तू त्याचा विनोद केलास. ज्याला एखादी गोष्ट नीट समजलेली असते तोच तिचा इतका चांगला विनोद करतो. गप्प असलेल्याकडं मधूनमधून जाऊन बघायचं असतं, हे तुला समजलं होतं. मी आले असते, तुला गाडीत घालून सोलापूरला नेलं असतं, रस्ताभर तू मला वकील म्हणाला असतास. ते तुला नको होतं. तुला कुणी तपासलेलं नको होतं. पंचायतीला नाही, बायकोला नाही, मला नाही, कुणालाच तुला ‘माहीत नाही’ म्हणायचं नव्हतं. मग सकाळी स्क्रीनपुढं बसल्या बसल्या गेलास. चहा घेऊन आलेल्या वैनीला वाटलं, डोळा लागलाय. तिनं आवाज न करता कप ठेवला, वर बशी झाकली आणि आत गेली.

ती बशी मनात येते आणि तुझ्या शांत स्वभावाचं कौतुक करणाऱ्या एकेकाला धरून हलवावंसं वाटतं.

तर, तिसरा दिवस. भाकऱ्या तशाच टाकून मी फोन उघडला. शरणप्पाच्या गावच्या टाकीकडून शेवटचा शब्द आला होता तुला मातीत ठेवलं त्या दुपारी. आठवत असेल म्हणणार होते. तुला कसं आठवणार? त्या दुपारी जोराचं वारं सुटलं होतं, मंडपाचं कापड उडालं होतं. सोलरची पाटी नाहीतर वायर, काहीतरी तुटलं असणार. तुझं कुलूप शाबूत असेल. त्यानंतर एक शब्द नाही, आणि काल तर दोन तास पाणी सोडलेलं. शंकेला जागाच नव्हती.

मी शरणप्पाला मेसेज केला. दारातून मला दिसत होतं, फोन त्याच्या हातातच होता, तो शेजारच्याला काटा दाखवत होता. माझा मेसेज वर आला तो त्यानं अंगठ्यानं बाजूला सारला आणि पुन्हा काटा दाखवू लागला.

मग पप्पांना खुणेनं बोलावलं. ते दाराशी आले. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, समजून घेतलं, मग वळून थोरल्या अप्पांकडं बघितलं. “आज नको बाळा,” ते म्हणाले. “त्यांच्या तोंडाकडं बघ. दोन घास खातील तरी आज. उद्या मी शरणप्पाला बाजूला घेऊन सांगतो.”

“उद्या खालच्या गल्लीची पाळी हाय पप्पा. करंट दुपारीच असतोय तिथं. आत्ता मोटार लागली तर लागली.”

“एक दिवस पाणी नसलं तर काय मरत न्हाई कोण.” मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मयताच्या घरात मयताची चूक काढत न्हाईत. आपल्याकडं न्हाई चालत ते.”

ते खरं आहे. मयताच्या घरात चांगलंच बोलायचं, आणि चांगलं कमी पडलं तर थोडं जोडायचं. त्याला मी नावं ठेवत नाही. थोरल्या अप्पांसारखा माणूस त्याच आधारानं उठून बसतो. पप्पा परत जाऊन आपल्या जागेवर बसले. मी उंबऱ्याच्या आतच राहिले. दुकानाचं दार उघडं होतं. तुझ्या कॉम्प्युटरला कुणीतरी हार घातला होता, वर विभूतीची तीन बोटं ओढली होती. त्याला महिनाभर हात लावायचा नाही, त्यानं ठेवलंय तसंच चालू दे, असं अप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. हाराच्या आत सगळ्या टाक्यांचे काटे दिसत होते. कुठले खरे आणि कुठले मेलेले, बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. मी लिहिलेला प्रोग्राम, अण्णा. माझ्या हातच्या ओळी, आणि त्यांना आता नैवेद्य दाखवणार होते.

तेवढ्यात थोरले अप्पा बोलले. तीन दिवसांत ते दोन शब्दांच्या वर बोलले नव्हते.

“शरणप्पा, मग मोटार लावूच नका तुमी,” अप्पा म्हणाले. “उद्या खालच्या गल्लीलाबी तसंच सोडा. बघू तरी, किती दिवस पाजतोय माझा लेक.”

“व्हय अप्पा,” शरणप्पा म्हणाला. “तुमी म्हणता तसं. न्हाई लावत.”

मला तुझा इतका राग कधीच आला नव्हता. हे तू करायला हवं होतंस. तू जिवंत असताना एक आकडा बदलून, एका दुपारी, चहा पिता पिता. आता तुझ्या बापाच्या हातात आलेलं एवढंसं सुख काढून घ्यायचं काम तू मला ठेवलंस. मला, जिला तू म्हणाला होतास की बोलायचं काम नाही. मला हेही कळत होतं की मी बोलले की ते पुन्हा मान खाली घालतील आणि या घरात मला कुणी बरेच दिवस जेव म्हणणार नाही.

मी उंबरा ओलांडून ओसरीवर आले. पुरुषांच्या बैठकीत, डोक्यावर पदर नाही, हाताला पीठ. पहिल्यांदा बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पप्पा अर्धवट उठले. “आत जा बाळा.” अप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“काय म्हणतीय पोरगी?”

आवाज आला तेव्हा तो माझा वाटला नाही, फार मोठा आला. आत वैनीच्या हातातलं भांडं थांबल्याचं मला ऐकू आलं.

“अप्पा, वारं सुटलं तवाच डबा बंद पडलाय, म्हणून काटा हलंना. टाकी रिकामी व्हायलीय. अण्णाचं चुकलं हुतं, मी त्याला सांगितलं हुतं, त्यानं ऐकलं न्हाई. टाकीत अण्णा न्हाई, अप्पा. अण्णा मेला. शरणप्पा, घरी फोन लावा, करंट हाय तवर मोटार चालू करा म्हणावं.”